बत्तिसावा खांदा

हेडक्लार्क त्या बंदराच्या गावी गेले ते एक जुना कागद आणायला. जन्मभर लोकांना 'कागद आणा' म्हणून खिडकीवरून परत पाठवलेल्या माणसावर निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी ही पाळी आली. यात ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. पुढे फारशी संधी मिळणार नाही.

कागद बायकोचा होता. खाडीपलीकडच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, बारा नंबरच्या खाटेवर ती झोपली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिचं ऑपरेशन ठरलं होतं. बंदराचं गाव तिचं माहेर. नऊ वर्षांची असताना तिथल्या दवाखान्यात तिचं अपेंडिक्स काढलं, तेव्हा भूल दिल्यावर ती दोन दिवस शुद्धीवरच आली नव्हती. हे तिने आदल्या दिवशी बोलता बोलता सांगितलं आणि भूल देणारे डॉक्टर खुर्चीतून उठले.

"कुठलं औषध दिलं होतं ते कळल्याशिवाय मी यांना सुई लावणार नाही," ते म्हणाले. "केसपेपर आणा. उद्या रात्री आठपर्यंत मी इथे आहे. आणि कागद मूळ हवा, फोनवर सांगितलेलं चालणार नाही."

हेडक्लार्कांना डॉक्टरचा संतापही आला आणि आदरही वाटला. डॉक्टरच्या जागी त्यांनीही अक्षर न् अक्षर हेच सांगितलं असतं. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'परिपत्रक' म्हणत, ते उगाच नव्हे.

सकाळी निघताना बायको म्हणाली, "अहो, तिथे कुणाशी वाद घालत बसू नका. कागद घ्या आणि या."

"मी कधी वाद घालतो?"

बायकोने कूस बदलली. अडतीस वर्षांच्या संसारात काही प्रश्नांना तेवढंच उत्तर उरतं.

लाँचने सव्वा तासात ते पलीकडे पोचले. गाव म्हणजे दोन रस्ते. एक धक्क्यावरून सरळ चढत दवाखान्यापर्यंत जाणारा, दुसरा जाळ्यांच्या शेडच्या मागून कुठे तरी जाऊन कंटाळून थांबणारा. खाऱ्या हवेने खिडक्यांचे गज बोटाएवढे होते ते काडीएवढे झालेले. पत्र्यांवर गंजाचे ओघळ. सगळीकडे डिझेलचा आणि ओल्या दोरखंडाचा वास. दवाखान्यात कंपाउंडर एकटाच होता आणि टेबलावर डोकं टेकून काम करत होता, म्हणजे झोपला होता.

"पन्नास वर्षांपूर्वीचा केसपेपर?" त्याने डोळे चोळले.

"एकावन्न."

"मग विषयच संपला, काका. पन्नासच्या पुढचे आम्ही जाळून टाकतो."

"जाळले?"

"नाही."

"का?"

"जाळायला मंजुरी यायची आहे. अकरा वर्षं झाली."

आयुष्यात पहिल्यांदाच एका रेंगाळलेल्या मंजुरीचे त्यांनी मनातल्या मनात आभार मानले. मग स्वतः शिडी लावून माळ्यावर चढले. कंपाउंडर खालून शिडी धरतो म्हणाला आणि दोन मिनिटांत चहाला गेला. तीन तास धूळ खाऊन, दोन विंचू आणि एक पालीचं कुटुंब यांची माफी मागून, सव्वादोनला हेडक्लार्कांच्या हाती तो पिवळा कागद लागला. माहेरच्या आडनावाची नऊ वर्षांची मुलगी. खाली औषधाचं नाव, आणि त्याखाली लाल शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं: 'पुन्हा देऊ नये.'

त्यांनी कागद घडी करून शर्टाच्या आत, बनियनच्या वर ठेवला. चारची शेवटची लाँच. सहापर्यंत इस्पितळ. आठला अजून दोन तास शिल्लक. आयुष्यात कधी नव्हे ते सगळं वेळेच्या आधी.

तीन वाजता धुकं आलं.

ते वाऱ्याबरोबर समुद्रावरून आलं असतं तर त्यात काही नवल नव्हतं. हे धुकं पाण्यातून उठलं, धक्क्याच्या दगडांमधून झिरपलं, घोट्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत, आणि बघता बघता समोरची लाँच नुसती एक काळसर सावली होऊन बसली. आवाज मऊ झाले. धक्क्याच्या टोकाला कुणी तरी मिनिटामिनिटाला घंटा देत होतं. तिचा टोला कानाशी यायच्या आधीच भिजून खाली पडत होता. चार वाजताच दिवे लागले, आणि दिव्यांनी एवढंच दाखवलं की काही दिसत नाही.

तिकीटखिडकीत एक जाडजूड बाई बसली होती. ती तिकीट फाडायच्या आधी प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता यादीत लिहून घेत होती. हेडक्लार्कांना ही व्यवस्था पसंत पडली. ते यादीतले एकतिसावे, शेवटचे.

सगळे लाँचवर चढले. बाकांवर बसले. मग फळीवरून एक वाळकुडा म्हातारा आत आला. हा मोजणारा. धक्क्यावर त्याचं काम एवढंच: सुटण्याआधी माणसं मोजायची. तो डोळे मिटून पुढच्या बाकापासून चालू लागला आणि प्रत्येकाच्या खांद्यावर तळहात ठेवत पुटपुटत मागे येऊ लागला. हेडक्लार्कांच्या खांद्यावरही हात पडला. म्हातारा टोकापर्यंत गेला, थांबला आणि डोळे उघडले.

"बत्तीस."

सगळे उठले, पिशव्या घेतल्या, फळीवरून धक्क्यावर उतरले. तिथे पुन्हा खांद्याखांद्याने मोजणी झाली. एकतीस. पुन्हा सगळे आत. पुन्हा डोळे मिटून हात.

"बत्तीस."

लाँचचा तांडेल, मफलर गुंडाळलेला मोठा गडी, सुकाणूवरचा हात काढून म्हणाला, "आज सुटत नाही. सकाळी सातला या."

लोक पुन्हा उठले. ज्याला त्याला पलीकडे काही ना काही काम असणारच, पण पाऊस आला की खिडकी लावावी तितक्या सहज ते निघाले. नेमक्या याच गोष्टीने हेडक्लार्कांचा भडका उडाला.

"थांबा! सुटत नाही म्हणजे? माणसं एकतीस आहेत. मला दिसतायत. तुम्हाला दिसत नाहीत?"

"दिसतात की," तांडेल म्हणाला. "एकतीसच दिसतात."

"मग?"

"डोळ्यांनी एकतीस येतात, हाताने बत्तीस. नियम हाताचा आहे."

"हा कुठला नियम? म्हाताऱ्याचा हात चुकतो, आणि त्यापायी माझी बायको..." त्यांनी वाक्य तोडलं आणि मग ऑफिसातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, ऑपरेशन, डॉक्टर, आठ वाजता, लाल शाई, हे सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कीव होती. हेडक्लार्कांना विरोध चालला असता, कीव चालेना.

"रस्त्याने जा ना," कुणी तरी म्हणालं.

"नऊ तास लागतात. आणि बस सकाळी आहे."

"फोन करा."

"मूळ कागद लागतो!" हे ओरडून सांगताना आपण कुणाच्या बाजूने बोलतोय हे त्यांना क्षणभर कळेना.

रोज पलीकडे शिकवायला जाणाऱ्या शाळेतल्या बाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, म्हाताऱ्याचा हात चुकत नाही. तो धुकं असलं की येतो. वर्षातून चारपाच वेळा."

"कोण येतो?"

"ते माहीत असतं तर मग काय हवं होतं?" बाईंनी पदर घट्ट केला. "चौतीस वर्षं झाली. असंच धुकं होतं. लाँच बाहेरच्या खडकांवर आपटली, उलटली. यादीत तीस नावं होती. मेलेले, जगलेले धरून तीसच्या तीस सापडले. बंदराच्या ऑफिसने शोधाचं काम बंद केलं. आणि त्यानंतर दोन दिवस त्या खडकांवरून कुणी तरी ओरडत होतं."

"ओरडत?"

"शब्द कळत नव्हते. माणूस आहे एवढं कळत होतं. आमचे वडील, आणखी सगळे ऑफिसात गेले, मोठी बोट द्या म्हणाले. होड्या त्या लाटांत टिकत नव्हत्या. ऑफिस म्हणालं, यादी पूर्ण आहे. कुणीही राहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला... मागाहून त्याला शोधत कुणीसुद्धा आलं नाही. कुणाचा होता, कुठे निघाला होता, देवाला ठाऊक."

"लेखी अर्ज नाही केला कुणी?"

"कुणाच्या नावाने करणार?"

बिननावाचा अर्ज हेडक्लार्कांनीही घेतला नसता. पण आता ते कबूल करायची वेळ नव्हती. सव्वाचार झाले होते. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. चुकलेल्या बेरजेवर मात्र पूर्ण विश्वास होता.

"मी मोजतो," ते म्हणाले. "सगळ्यांनी बसा."

लोक बसले. मोजणाऱ्या म्हाताऱ्याने बाजूला होत फक्त एवढं सांगितलं, "डोळे मिटून हं, साहेब. मधे उघडायचे नाहीत."

हेडक्लार्कांनी डोळे मिटले. एक. दोन. शाल, कोट, स्वेटर, सगळं धुक्याने दमट. पाच. नऊ. कुणाचा खांदा हाडकुळा, कुणाचा भरलेला. बाईंचा पदर. चौदा. इंजिन बंद होतं. लाकडाला पाणी चाटत होतं तेवढा आवाज. वीस. एकवीस. बाविसावा खांदाही बाकीच्यांसारखाच ओला आणि गार होता. पण बाकीचे खांदे हात पडताच थोडे आकसत होते. हा मात्र हाताखाली किंचित वर आला... पाठीवरून हात फिरवला की मांजर पाठ वर करतं, तसा. हात उचलला तरी क्षणभर त्याच्याबरोबर वर येत राहिला.

हेडक्लार्क पुढे सरकले. मोजणी चुकू नये म्हणून त्यांनी दात आवळून धरले होते. तीस. म्हणजे संपायला हवं. एकतिसावे ते स्वतः. हात पुढे गेला तो आणखी एका खांद्यावर पडला. हा खोकत होता, त्याला तंबाखूचा वास होता, हा निःसंशय जिवंत होता.

एकतीस, आणि स्वतः बत्तीस.

त्यांनी डोळे उघडले. समोर तीस माणसं, तीसही त्यांच्याकडे बघत होती. बाविसावी जागा कुठली, ते त्यांना सांगता येईना.

"काय साहेब?" म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूरही नव्हता, हेच फार लागलं.

आता दुसरा कुणी असता तर पिशवी उचलून उतरला असता. हेडक्लार्क उतरले, पण तिकीटखिडकीकडे. वाटेत त्यांच्या डोक्यात चौतीस वर्षांची नोकरी जागी झाली होती. आकडे जुळत नसले की भांडत बसायचं नाही. जो आकडा खोटा बोलत नाही तो ठेवायचा आणि दुसरा त्याला जुळवायचा. माणसं बत्तीस येतात ना? मग यादी बत्तिसाची करा.

"आणखी एक तिकीट द्या," ते खिडकीत म्हणाले.

तिकीटवाल्या बाईने मान वर केली. "कुणाचं?"

"जो जास्तीचा येतोय त्याचं."

"नाव?"

हेडक्लार्कांनी खिडकीवर चिकटवलेला नियमांचा तक्ता सकाळीच वाचून ठेवला होता. दुसरं कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. "नियम चार. लहान मुलं आणि आजारी माणसं यांचं नाव लिहायची गरज नाही. ज्याच्याबरोबर आहेत त्याच्या नावापुढे 'सोबत एक' लिहायचं. माझ्या नावापुढे लिहा."

बाईने लेखणी खाली ठेवली. "काका, चौतीस वर्षांत हे कुणाला सुचलं नसेल असं वाटतं तुम्हाला?"

"सुचलं असतं तर केलं असतं."

"सुचलं होतं. म्हणूनच केलं नाही."

"बाई, माझ्याकडे वेळ नाही. नियमात बसतंय की नाही तेवढं सांगा."

"बसतंय." तिने सुस्कारा टाकला. "मी खिडकीत बसलेय, मला नाही म्हणता येत नाही. पण आजपर्यंत तो कुणाचा नव्हता. नुसता मोजणीत यायचा आणि लाँच सुटली नाही की जायचा. तुमच्या नावापुढे लिहिला की तुमच्या नावावर पलीकडे उतरणार."

"उतरू दे. उतरला की त्याचा तो, माझा मी."

"असं तुम्हाला वाटतं," बाई म्हणाली आणि तिने लिहिलं. मग तिकीट असं काही झटक्याने फाडलं की जणू हात भाजतोय.

लाँचवर हेडक्लार्कांनी दोन तिकिटं तांडेलच्या हातात ठेवली. त्याने ती दिव्याकडे धरून दोनदा वाचली. मोजणी झाली, बत्तीस. यादी, बत्तीस. तांडेलने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, म्हातारा पाण्याकडे बघत राहिला.

"जुळलं की मला सोडावीच लागते," तांडेल स्वतःशीच म्हणाला आणि इंजिन सुरू झालं.

एकही प्रवासी उतरला नाही. सगळ्यांनाच पलीकडे जायचं होतं. फक्त हे आपल्या हातून व्हायला नको होतं, एवढंच. मात्र बघता बघता हेडक्लार्कांच्या बाकावरचे लोक एकेक करून दुसरीकडे सरकले. शाळेतल्या बाईसुद्धा. जाताना त्या "माफ करा हं, भाऊ" म्हणाल्या.

लाँच धुक्यात घुसली. मागची घंटा पातळ होत होत नाहीशी झाली. तांडेल बैलगाडीच्या वेगाने जात होता आणि पुढे बसलेला खलाशी दर थोड्या वेळाने भोंगा वाजवत होता. हेडक्लार्कांनी घड्याळ पाहिलं: पाच पंचवीस. या वेगाने सात होणार. त्यांनी शर्टावरून कागद चाचपला. बाकाच्या रिकाम्या बाजूला लाकडावर ओल होती. ते थोडे सरकले. काही वेळाने पाहिलं तर पँटला पुन्हा ओल लागली होती. ते आणखी सरकले. असं करत करत ते बाकाच्या टोकाला आले.

माणूस घाबरला की गप्प होतो. वैतागला की बोलतो. हेडक्लार्क दोन्ही होते, पण त्यांच्यात वैतागाचं पारडं नेहमीच जड.

"तुझ्यापायी पाऊण तास गेला," ते दातांतून पुटपुटले. समोर बघत, कुणाशीच नाही असं. "आठला डॉक्टर निघून जाईल. बायको तिकडे वाट बघतेय. दुसऱ्या मजल्यावर, बारा नंबरला. एकटी आहे. दुसरं कुणी नाही तिला, मुलगा परदेशात, भाऊ नाही. सकाळी सातला तिला आत नेणार, आणि संमतीपत्रावर सही करायला तरी कुणी नको का तिथे? सगळं गाव तुझी कीव करतंय, माझी कोण करणार?"

शेजारचं लाकूड करकरलं. कुणी ऐकायला जवळ वाकावं तसं.

हेडक्लार्क थांबले. भोंगा वाजला. ओल्या दोरखंडाचा वास एकाएकी इतका दाट झाला की त्यांनी रुमाल नाकाला लावला. त्यानंतर पलीकडचे दिवे दिसेपर्यंत ते अवाक्षर बोलले नाहीत. पण जे बोलायचं नव्हतं ते बोलून झालं होतं.

सातला दहा कमी असताना लाँच धक्क्याला लागली. खलाशाने फळी टाकली. नेहमी उतरायला एकमेकांच्या अंगावर पडणारे लोक आज जागच्या जागी उभे राहिले. फळी मधोमध वाकली, थोडी थरथरली आणि पुन्हा सरळ झाली. तिच्यावर कुणीच नव्हतं.

हेडक्लार्क पुढे झाले, तर तांडेलने त्यांच्या दंडाला धरलं.

"सही."

"कसली?"

"सोबत माणूस असला की दोघंही उतरले म्हणून सही लागते. नियम पाच."

नियम पाच त्यांनी वाचला होता. घाईत विसरले होते, आणि ही चूक त्यांच्या हातून पहिल्यांदाच होत होती. तांडेलला वही सापडेना. वही सापडली तर लेखणी चालेना. ती झटकून, तोंडातल्या वाफेने गरम करून, अखेर कशीबशी सही उमटली: 'दोन व्यक्ती सुखरूप उतरल्या.' तेवढ्यात दहा मिनिटं गेली होती.

रिक्षा नव्हती. धुकं इथेही पोचलं होतं. हेडक्लार्क साठी उलटलेल्या पायांनी अर्धे चालत, अर्धे धावत इस्पितळात शिरले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजले होते. छातीत भाता चालला होता, पण ओठांवर हसू होतं. पोचलो. अर्धा तास शिल्लक ठेवून पोचलो.

दुसऱ्या मजल्यावर वॉर्डच्या दारात रखवालदार टेबल मांडून बसला होता. पुढ्यात वही, वहीत डोकं.

"बारा नंबर," हेडक्लार्क धापा टाकत म्हणाले. "पास द्या."

"एका पेशंटला एक माणूस."

"तोच मी."

"बारा नंबरचा पास दिलाय." रखवालदाराने वहीवर बोट ठेवलं. "पंधरा मिनिटं झाली. माणूस आत आहे."

"कोण... कोण माणूस? दिसायला कसा होता?"

"आता ते मी काय सांगू, काका? इथे ही रांग होती. मी मान वर केली नाही. हात पुढे आला, पास दिला." रखवालदार वैतागून म्हणाला, "हात पुसून तरी यायचं. अख्खं पान भिजवलं माझं, हे बघा."

वहीचं पान खरोखरच फुगलं होतं. शाई पसरून बारा नंबरच्या पुढचा रकाना निळा डाग झाला होता. चौतीस वर्षं खिडकीत बसून हेडक्लार्कांनी तरी किती चेहरे पाहिले होते? हात पुढे येत, त्यांत कागद असत.

"मी तिचा नवरा आहे!" ते ओरडले.

"सगळे तेच सांगतात. पास दाखवा."

ते दाराकडे धावले. रखवालदार तरुण होता; त्याने त्यांना कमरेला धरून सहज मागे ओढलं. दार अर्धं धुरकट काचेचं होतं. आत खाटांच्या पांढऱ्या पट्ट्या, आणि त्यातल्या एका पट्टीशेजारी खुर्चीच्या उंचीवर काही तरी गडद. त्या बाजूने बायकोचा आवाज आला. थकलेला, पण निवांत. लाडात आली की ती याच आवाजात रागवायची.

"किती उशीर केलात... आणि हात किती गार आहेत हो तुमचे. नाही, राहू द्या. कपाळावर बरं वाटतंय."

"अगं ए!" हेडक्लार्कांनी काचेवर थाप मारली. "तो मी नाही! ऐकतेस का? मी इथे आहे!"

दार चार बोटं उघडलं. सिस्टरने तोंड बाहेर काढलं. "काय लावलंय? माणसं झोपलीत."

"बारा नंबर... हा कागद... भूल देणारे डॉक्टर..."

"जुना केसपेपर? द्या, द्या, ते निघायच्या बेतात आहेत." तिने त्यांच्या मुठीतून कागद ओढून घेतला, लाल शाईवर नजर टाकली आणि तिचा चेहरा बदलला. "बरं झालं आणलात. हेच औषध काढून ठेवलं होतं. आता काळजी नाही, सकाळी सातला घेतील." ती मान वळवून आत म्हणाली, "बारा नंबर, संमतीपत्रावर नातेवाइकाची सही राहिली आहे."

"नातेवाईक मी आहे, सिस्टर," हेडक्लार्क म्हणाले. त्यांचा आवाज एव्हाना विनवणीवर आला होता. "मला आत घ्या. तिथे जो बसलाय त्याला विचारा तरी तो कोण आहे..."

"अहो काका, तुम्ही कागद पोचवलात, उपकार झाले. आता खाली बसा." सिस्टरलाही घाई होती; ड्यूटी संपत आली होती. दार लागलं. आतून कडी सरकली.

रखवालदाराने त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. ते त्यांनी घेतलं नाही. कॉरिडॉर शांत झाला, तसे आतले आवाज स्पष्ट होत गेले. सिस्टरच्या चपला. खुर्ची मागे सरल्याचा आवाज.

"इथे सही," सिस्टर म्हणत होती. "हं. आणि त्याखाली पेशंटशी नातं काय, ते लिहा."

लेखणी कागदावर चालू लागली.

हेडक्लार्क कान देऊन ऐकत होते. असल्या रकान्यात लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता. नवरा लिहायला किती वेळ लागतो, भाऊ लिहायला किती, शेजारी लिहायला किती, हे त्यांना आवाजावरून सांगता आलं असतं. नातं कुठलंही असो, एका शब्दात आटपतं.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. सिस्टर काही बोलत नव्हती. बायकोही बोलत नव्हती. आत लेखणी न थांबता कागदावर चालतच होती.